हौदातले चालते मासे

५ जुलै

चि. भाऊस ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तू काही कळवत नाहीस म्हणजे तिकडेही ठीकच असणार.

आपल्या धुलाईच्या मोठ्या हौदात गेल्या महिन्यात खळीसारखा बुळबुळीत गोळा दिसला, आत काळे ठिपके. मी फेकणार तेवढ्यात तुझे भावोजी आडवे आले. म्हणे माशांची अंडी आहेत! रिटायर झाल्यापासून खाट सोडत नव्हते, त्या दिवशी धावले. आता ठिपक्यांना शेपट्या फुटल्यात. हे त्यांना उकडलेला पाला चारतात आणि मला हौदाला हात लावू देत नाहीत. दवाखान्याच्या चादरी मी बादल्यांत धुते. कंबर गेली. दवाखानेवाले म्हणतात, असाच उशीर झाला तर महिनाअखेरीस काम दुसऱ्याला देऊ. तुझे भावोजी तुझं ऐकतात. दोन ओळी खरड त्यांना.

तुझीच, वैतागलेली
ताई

१३ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, ती बेडकांची पिल्लं! आधी मागचे पाय येतील, मग पुढचे, शेपूट आटत जाईल आणि सगळी उड्या मारत निघून जातील. भावोजींना मी सांगणार नाही, मला दहा पानी उत्तर येतं. तूच सांग. आणि माणूस खाटेवरून उठलाय, हे काय कमी आहे?

राग आवरून लोभ करावा.
तुझा भाऊ

३० जुलै

चि. भाऊस आशीर्वाद. भित्रा आहेस.

मागचे पाय आले तेव्हा मी दाखवून सांगितलं. हे म्हणाले, जातिवंत मासा आहे, तुला काय कळतं! वर ऑफिसातल्या जुन्या साहेबांना रविवारी बघायला बोलावलं. तोवर चारी पाय आले, शेपूट नावाला उरलं. यांचं भाषण रंगात आलं आणि एक टुणकन साहेबांच्या बुटावर! यांचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी वाकून बुटाकडे बघितलं. मग गंभीरपणे म्हणाले, मासा चांगला चालतो. यांनी लगेच मान डोलावली. साहेबाला चूक म्हणायची सवय नोकरीत कधी लागलीच नाही ना! मी कप उचलून आत पळाले, नाहीतर तिथेच हसून लोळले असते.

दोन दिवसांत हौद रिकामा. हे म्हणतात, सगळ्यांची बदली झाली. मी हौद घासला, काल चादरी वेळेत पोचवल्या. काम हातचं गेलं नाही.

आज धास्ती होती, हे परत खाट धरतील. नाही धरली. ओल्या चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि मला पिळायला शिकवू लागले. जन्म गेला माझा चादरी पिळण्यात. गुपचूप शिकतेय.

लोभ आहेच, तू थोडा धीर वाढव.
तुझी ताई