माझा वर्ग, तुझी दोरी

प्रिय ठमे,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्यापासून मी पाटीवर दोन-दोन शब्द खरडून तुझ्याशी बोलतेय, आणि आज जे सांगायचंय ते पाटीवर मावणारं नाही. आधीच सांगून टाकते, मला तुझा हेवा वाटतो. साधासुधा नाही, अंगाचा तिळपापड होतो असा.

माझा आवाज बसला आणि इंग्रजीचा वर्ग तुझ्याकडे आला, तेव्हा मी मनातून निश्चिंत होते. म्हटलं, खेळाची शिक्षिका ती, शिट्टी वाजवेल, मुलांना गप्प बसवेल आणि मी येईपर्यंत दिवस ढकलेल. क्रियापदांचा धडा मीच तुला काढून दिला, कारण त्यात भलेभले गडबडतात. खोटं कशाला बोलू, तुझी फजिती बघायलाच मी मागच्या बाकावर येऊन बसले होते.

तो धडा मी नेहमी फळ्यावर तीन रकाने आखून शिकवते. ॲक्शन व्हर्ब लाल खडूने, हेल्पिंग निळ्या, लिंकिंग हिरव्या. मुलं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात आणि परीक्षेत 'इज' दिसला की डोळे मिटून हेल्पिंगमध्ये टाकतात. तू आल्या आल्या बाकंच भिंतीला सरकवलीस. म्हणालीस, "जे करून दाखवता येतं, ते करून दाखवा." 'जंप' म्हटल्यावर अख्खा वर्ग उड्या मारायला लागला. 'शी इज रनिंग'ला एक मुलगी जागच्या जागी धावू लागली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायला लावून तू दुसरीला तिच्या मागे उभं केलंस. ही 'इज', काम धावणारीचं, ही नुसती मदतीला. मग आलं 'द सूप स्मेल्स गुड'. वर्गातलं सगळ्यात वात्रट कार्टं सूप झालं आणि जोरजोरात हुंगायला लागलं. तू शांतपणे विचारलंस, "अरे, सूपला नाक असतं का?" मुलं हसून हसून लोळली. मग उड्यांच्या दोरीचं एक टोक तू सूपच्या हातात दिलंस, दुसरं 'गुड' झालेल्या मुलीच्या. सूप काही करत नाहीये, ते कसं आहे एवढंच सांगायचंय, आणि मधली दोरी म्हणजे 'स्मेल्स'. तिच्या जागी 'इज' ठेवा, वाक्य उभं राहतं की नाही बघा. त्यानंतर 'द कुक स्मेल्स द सूप'ला त्याच कार्ट्याला आचारी करून तू पोटभर हुंगू दिलंस.

इथवर मी सहन केलं. पण मग खिडकीजवळची ती मुखदुर्बळ मुलगी आपणहून उठली आणि म्हणाली, "बाई, 'शी इज टायर्ड'मधला 'इज' पण दोरीच ना? धावणारीच्या मागे होता तो वेगळा." ठमे, त्या पोरीच्या तोंडून एक वाक्य निघावं म्हणून मी काय काय केलं होतं! आणि तू एका तासात ते काढलंस. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि तुझी शिट्टी खिडकीबाहेर भिरकावून द्यावीशीही वाटली.

आता मधल्या सुट्टीत मुलं तुझ्या मागे-पुढे असतात. परवा एकाने मला विचारलं, "तुम्ही आलात की बाकं परत ओळीत लावायची का?" मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, ते माझं मलाच कळलं नाही. आई फोनवर तुझं कौतुक करून दमत नाही, आणि मला बोलायची बंदी म्हणून ते निमूट ऐकावं लागतं. तू जेवताना 'माझी मुलं' म्हणतेस ना, त्या 'माझी'पाशी माझा घास अडकतो. त्यात घशाचा काही दोष नाही.

आज दुपारी तुला न सांगता मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. आवाज परत आलाय. तिथून तशीच शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, वर्ग तिच्याकडे चांगला रुळलाय, तुम्ही ग्रंथालय घेतलंत तर घशालाही आराम, पण दोघी बहिणींनी घरी बसून काय ते ठरवा. उद्या त्या तुलाही हेच सांगतील, आणि तू धावत माझ्याकडे येशील. तुला तो वर्ग हवाय, तुझ्या डोळ्यांत दिसतं. लहानपणी खिडकीजवळची खाट, माझी सायकल, निळा स्वेटर, जे जे तू तोंड एवढंसं करून मागितलंस ते मी दिलं. तुझ्या त्या तोंडापुढे माझं काही चालत नाही, म्हणून तू समोर यायच्या आत लिहितेय. हा वर्ग तू मागितलास तर तोही मी देऊन टाकीन, आणि मग तुझ्याशी कधी मोकळेपणाने बोलू शकणार नाही. ठमे, मागू नकोस.

तुझीच,
ताई