चित्राची शेवटची पट्टी

शुक्रवार पेठ, पुणे
७ डिसेंबर १९९९

तुझ्या त्या डबड्याने घर नासवलंय, हे आधी लिहिते. आशीर्वाद नंतर.

चि. श्रीनिवास, आशीर्वाद. सूनबाईंना आणि ओवीलाही. आमची खुशाली विचारायला फोन लागत नाही, कारण फोनला कॉम्प्युटर जोडलेला असतो. तू नवा घेतलास आणि जुना आमच्या गळ्यात घातलास. मथुरामावशी नाशकाहून आठवडाभर फोन फिरवत होती. शेवटी पोस्टकार्ड टाकलंन, "जिवंत आहात ना?"

तू म्हणालास, प्रोग्राम बंगळुरात माझ्याकडे चालेल, तुम्ही पुण्यात बसून मी इथे बांधतोय त्या नव्या घराचा नकाशा बघा. बघतोय. आधी फोन जोडताना डबडं घसा खरवडतं, शिसारी येते. मग चित्र पट्टीपट्टीने वरून खाली उतरतं. तुझे बाबा माऊस हलवतात आणि पडद्यावरचा बाण हलेपर्यंत चहा निवतो. मग चिडून पाच वेळा दाबतात. त्या पाचही टिचक्या तिकडे एकदम पोचतात आणि सगळं मिटतं. पुन्हा पहिल्यापासून. ताटावर माश्या बसतात.

"अहो, जेवून घ्या!"

"थांब गं, आपली खोली येतेय."

वरचं आम्हाला पाठ झालं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, तुमची खोली, ओवीची खोली. त्याखालचं कधी आलंच नाही, लाइन तुटते. "आमची सगळ्यात खाली, बागेकडे," असं हे मंडईतल्या भाजीवाल्यालाही सांगून आलेत. त्याच भरवशावर पुढच्या महिन्यात ही जागा विकायच्या कागदावर सही करणार आहेत.

काल ते आंघोळीला गेले आणि मी पोहे सोडून पडद्यासमोर उभी राहिले. काल लाइन तुटली नाही. चित्र पार तळापर्यंत उतरलं. मला इंग्रजी येत नाही, पण पलंग ओळखता येतो. मोटारही ओळखता येते. ओवीच्या खोलीखाली मोटार होती. तिच्यावर छप्पर काढलंयस. छान. भिजायला नको बिचारी.

मोरीचं दार वाजलं, तशी मी स्वयंपाकघरातला दुसरा फोन उचलला. तो उचलला की लाइन तुटते, हे आता मलाही कळतं.

"पुन्हा उचललास? अगं, तळाशी आलं असेल!"

"वाण्याला नारळ सांगायचा होता," म्हटलं. फार ओरडले. ओरडू दे. पोहे करपले, तेच खाल्ले दोघांनी.

रडून लिहितेय असं समजू नकोस. मला तुझ्याकडे यायचंच नव्हतं. पण ह्यांनी त्या नसलेल्या खोलीत खिडकीशी आपली आरामखुर्चीही मांडून ठेवलीय. कुठल्या हाताला उजेड येईल, ते मला रोज सांगतात.

आत्ताही बसलेत पडद्यासमोर. मी फोनपाशी बसून हे लिहितेय.

मला उत्तर नको. सूनबाईंनी लिहायचं नाही, ओवीला पुढे करायचं नाही. तू लिहायचंस, बाबांना, त्या कागदावर त्यांची सही होण्याआधी. त्यांची खोली कुठे आहे, ते तुझ्या हाताने लिही.

आई