गॅस हाय, दुसरं काय न्हाय

७ जुलै, सोमवार

बेंबीभोवती पिळवटतंय सकाळपासून. डबा तसाच परत आणला. शाळेतून आल्यावर ह्यांना सांगितलं. नवऱ्याचं उचगावात स्वतःचं मेडिकल, बायकोला गोळीसाठी वणवण नाही – केवढं भाग्य! "गॅस हाय गं, दुसरं काय न्हाय. काल भडंग किती खाल्लंस!" एक गुलाबी गोळी, एक पांढरी. कसली, विचारलं. "तुला काय करायचंय? घे आणि पड."

८ जुलै

दुखणं सरकलं. आता उजवीकडं, खाली, एकाच जागी. ताप. दोनदा उलटी. पाय पोटाशी घेतले की जरा बरं. शाळा बुडवली.

हे दुपारी जेवायला आले. म्हटलं, डॉक्टरांकडं जाऊया. "डॉक्टर काय वेगळं देणार हाय? हीच गोळी लिहिणार की!" आणि दुखणं थांबवायच्या गोळ्यांची एक पट्टी समोर टाकली. मग म्हणाले, आमटी गरम कर. मी उठले. केली! त्याचाच राग जास्त येतोय.

९ जुलै

सकाळी दुखायचं एकदम थांबलं. देवाला हात जोडले. हे म्हणाले, "बघ! उगंच घाबरत हुतीस." साडी नेसले, निघते शाळेला.

१७ जुलै

इतके दिवस हातात पेन धरवत नव्हतं.

त्या दिवशी प्रार्थनेलाच हुडहुडी भरली. पोट फळीसारखं कडक. क्रांती – शेजारचा वर्ग घेते ती – म्हणाली, "अरुणाताई, तोंड बघा तुमचं. चला, रिक्षात बसा." ह्यांना फोन केला. "गिऱ्हाईक हाय, मागनं करतो." क्रांतीनंच दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. हे सही करायला पोचले तोवर मला ऑपरेशनला आत न्यायची धावपळ चालली होती.

१८ जुलै

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मास्तरीण आहे मी, नीट समजावून सांगा. त्यांनी कागदावर आतडं काढलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी शेपटी – ते अपेंडिक्स. तोंड बुजलं की आत सूज, मग पू. आधी बेंबीपाशी दुखतं, मग उजवीकडं खाली. माझ्या सोमवार-मंगळवारचंच चित्र!

"गोळीनं दुखणं झाकलं, आजार वाढतच राहिला. आणि मधेच एकदम बरं वाटलं ना? तेव्हाच ते फुटलं असणार."

मी देवाला हात जोडत होते तेव्हा.

"आधी आला असता तर दुर्बिणीनं झालं असतं. दोन दिवसांत घरी." आता पोट उभं चिरलंय. बाजूला नळी, तिच्यातून अजून घाण येते. हे कोपऱ्यात उभे. मोबाईलमध्ये डोकं.

२० जुलै

नळी काढली. मी ओरडले.

२४ जुलै

घरी आले. आमच्या आदितीनं वेणी घातली. आठवीतली पोर, पंधरा दिवसांत मोठी झाली. ह्यांनी भात लावला, करपवला.

संध्याकाळी माझ्या पायाशी येऊन बसले. "मला कसं कळणार, अरुणा? मी काय डॉक्टर हाय? पोट दुखतंय म्हटल्यावर मला गॅसच वाटला." डोळ्यांत पाणी. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, जाऊ दे. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर किती दिवस चिडायचं?

३० जुलै

खोकताना पोट धरावं लागतं. हे मऊ बोलतात, पाण्याचा तांब्या उशाशी आणून ठेवतात. मला अजून नीट हसता येत नाही. जखमेमुळं, असं सांगते.

५ ऑगस्ट

शालूबाई केळी घेऊन बघायला आल्या. दुकानाच्या मागच्या गल्लीत राहतात. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमचं मालक देवमाणूस बघा, बाई. गेल्या दिवाळीत माज्या सुनंच्या पोटात असंच उजवीकडं दुखत हुतं. मी गोळी मागायला गेलते. दिलीच न्हाई! म्हणाले, अपेंडिक्स असंल, गोळीनं झाकलं जाईल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. सोता रिक्षा थांबवली की!"

मी त्यांना चहा विचारला. साखर किती, तेही विचारलं.

म्हणजे ह्यांना कळत होतं.