गणपूर्तीअभावी

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे कुणीतरी वाचतं. माझी कुणी वाचावी असा हेतू नाही, तरी अक्षर चांगलं काढणार.

काल डॉक्टर घरी आले. ते गावच्या वाचनालयाचे सचिव. म्हणाले, कार्यकारिणीचं अध्यक्षपद रिकामं आहे, तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस हवा. वर्षभर काम बघा, मग वार्षिक सभेत सभासद तुम्हाला रीतसर निवडतील. मी लगेच हो म्हटलं नाही. डॉक्टरांनी बशी खाली ठेवेपर्यंत थांबलो. वजनमापे खात्यात उभी हयात गेली माझी. खोटं माप मला दुकानाबाहेरून कळायचं. वाचनालय तरी काय वेगळं, दुकानच ते. फक्त गिऱ्हाईक माल परत आणून देतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी हो म्हणताच तिचे डोळे भरून आले. रिटायर झाल्यापासून मी दिवसभर तिच्या मागे-पुढे असतो, प्रत्येक कामात चार सूचना देतो. आता बिचारीला चुकल्याचुकल्यासारखं होणार.

२० जानेवारी, संध्याकाळ
पहिली मीटिंग. इस्त्रीचा कोट. कार्यकारिणीत आम्ही सात जण, पैकी मी आलो. डॉक्टरांना पेशंट, वकिलांना तारीख, बाकीच्यांना घरगुती अडचण. एकाच दिवशी सगळ्यांना अडचण यावी हा निव्वळ योगायोग.

निघणार होतो, तेवढ्यात ग्रंथपालबाईंनी घटनेतलं एक कलम दाखवलं. गणपूर्ती झाली नाही, म्हणजे ठरलेली किमान माणसं जमली नाहीत, तर सभा तहकूब करायची. अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. त्या सभेला गणपूर्तीची अट नाही. मी विचारलं, एक माणूस चालेल? बाई म्हणाल्या, चालेल असं लिहिलेलं नाही, चालणार नाही असंही लिहिलेलं नाही.

अर्धा तास बसलो. मग सभा भरवली. सूचक मी, अनुमोदक मी. सगळे ठराव एकमताने मंजूर. एका ठरावाबद्दल मला जरा शंका होती, पण सभेचा कल बघून गप्प बसलो. खात्यात एवढ्या कामाला तीन साहेब रिटायर झाले असते.

२ फेब्रुवारी
ठराव पहिला अमलात. सर्व पुस्तकं उंचीनुसार लावणे. आधी विषयानुसार होती म्हणे. विषय डोळ्यांना दिसतो का? उंची दिसते. आता कपाटं अशी शोभतात की उघडून पुस्तक काढावंसं वाटत नाही.

ग्रंथपालबाई दिवसभर शिडीवर होत्या. मधूनच डोळे पुसत होत्या. धूळ फार.

२७ फेब्रुवारी
किरकोळ तक्रारी. एका कादंबरीचा पहिला भाग खालच्या हॉलमध्ये आणि दुसरा माडीवर सापडला. मी म्हटलं, वाचकाला तेवढाच व्यायाम. वाचक हसला नाही. पुस्तक टेबलावर ठेवून गेला. विनोदाची समज कमी होत चालली आहे, यावर एक भाषण ठेवावं.

बायको लग्नाआधीपासूनची सभासद. दर दोन दिवसांनी पुस्तक बदलायची. मी अध्यक्ष झाल्यापासून वाचनालयाची पायरी चढलेली नाही. अध्यक्षाच्या बायकोला झुकतं माप मिळालं असं कुणी म्हणू नये म्हणून. मी न सांगता कळलं तिला. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

९ मार्च
हॉलमध्ये खिडकीजवळ मास्तर बसतात. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं, मलाही. सकाळी येतात, भिंगाने पेपर वाचतात, दुपारी तोच पेपर तोंडावर घेऊन झोपतात. मी जाऊन हलवलं. म्हटलं, मास्तर, ही वाचण्याची जागा आहे.

ग्रंथपालबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, सून कामाला जाताना घराला कुलूप घालते, किल्ली यांना देत नाही, गॅस उघडा ठेवतात म्हणून. संध्याकाळपर्यंत जायचं कुठे त्यांनी? मी म्हटलं, बाई, वाईट मलाही वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि नियम वेगळा.

जुनं काही मनात ठेवून मी हे करत नाही. मास्तर भर वर्गात म्हणाले होते, हा मोठा साहेब होईल, काम करायची याला सवयच नाही. मी विसरलो ते. शनिवार होता, तिसरा तास.

२० मार्च
मीटिंग. गणपूर्तीअभावी तहकूब. अर्ध्या तासाने पुन्हा. ठराव: हॉलमध्ये झोपणाऱ्यास एकदा उठवणे, दुसऱ्यांदा बाहेर काढणे. एकमताने मंजूर.

२२ मार्च
मास्तर दुसऱ्यांदा झोपले.

१४ एप्रिल
मास्तर आता बाहेरच्या पायरीवर बसतात. ऊन सरकेल तसे सरकतात. येणारे-जाणारे थांबून विचारपूस करतात आणि माझ्याकडे असं बघतात, जसं काही मीच त्यांना बाहेर बसवलंय. त्यांना मी नाही, ठरावाने बसवलंय. लोकांना एवढा साधा फरक कळत नाही.

हॉलमध्ये आज टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दुपारभर कुणी आलंच नाही. अशी शिस्त या गावाने पाहिली नसेल. बायकोला सांगितलं. म्हणाली, छान, मग उद्यापासून अजून थोडं उशिरापर्यंत थांबत जा. माझ्या कामाची किंमत घरात तरी आहे.

३ मे
मास्तर पायरीवर कोसळले. दवाखान्यात आहेत. उन्हाचा त्रास. उन्हात बसू नका म्हणून मी रोज आतून सांगत होतो.

५ मे, संध्याकाळ
डॉक्टरांना रस्त्यात गाठलं. म्हणाले, वय झालंय, आता काही खरं नाही, फार तर आठवडा. या महिन्याची मीटिंग वीस तारखेऐवजी नेमकी आजच. पुढची एकदम महिन्याने. म्हणजे मास्तर गेल्यावर संस्थेचा शोकप्रस्ताव तीन-तीन आठवडे उशिरा! लोक काय म्हणतील? सार्वजनिक कामात वेळेला महत्त्व.

सभा गणपूर्तीअभावी तहकूब. अर्ध्या तासाने आगाऊ शोकप्रस्ताव मांडला, तारखेची जागा मोकळी सोडून. मजकूर माझाच. 'ज्ञानाचा दिवा विझला' वगैरे. मोठ्याने वाचून दाखवला. दोन मिनिटं उभा राहिलो. बाईंनाही उभं राहायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मी नाही उभी राहणार. पायाचं दुखणं असावं. सभासद मयत झाल्यास नाव कमी करायचं असतं, तेही त्याच ठरावात उरकलं. उगाच दोन दोन ठराव कशाला.

मास्तरांचा फोटोही मोठा करून आणला. अध्यक्षांच्या फोटोंच्या रांगेत एक रिकामा खिळा होता. तो मी मनातल्या मनात माझ्यासाठी धरला होता. मास्तरांना दिला. याला त्याग म्हणतात.

८ मे
प्रस्तावाची प्रत पोस्टाने वेळेवर जाईल याचा काय भरवसा? स्वतःच दवाखान्यात घेऊन गेलो. सुनेच्या हातात द्यायची, योग्य वेळी उघडा म्हणायचं, असा बेत होता. सून चहा प्यायला गेलेली. मास्तर उशीला टेकून बसलेले, चांगले टक्क जागे. माझ्या हातातला प्रस्ताव घेतला, भिंग मागितलं आणि पूर्ण वाचला. दोनदा.

मग म्हणाले, भाषा बरी आहे. एवढं प्रेम होतं तर आत बसू द्यायचं होतंस.

मी म्हटलं, मास्तर, विश्रांती घ्या. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

२१ जून
मास्तर बरे होऊन घरी आले. आनंदाची गोष्ट आहे. फक्त ठरावाचं काय करायचं हा तांत्रिक प्रश्न आहे. मंजूर ठराव असा मागे घेता येत नाही, आणि फोटो उतरवला तर भिंतीवर डाग दिसतो. राहू दे. कधी ना कधी लागेलच.

३ सप्टेंबर
हल्ली हॉलमध्ये मी आणि ग्रंथपालबाई. बाईंनी सांगितलं, वाचक आता संध्याकाळी माझ्या घरी जमतात, आपापली पुस्तकं आणून बदलतात, मास्तरही असतात. मी म्हटलं, हेच तर यश. वाचनालयाने वाचकांना स्वावलंबी केलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत मला प्रथमच आदर दिसला. चष्म्याशिवाय होती नजर, पण दिसला.

१ डिसेंबर
वार्षिक सभा जवळ आली. विरोधात कुणाचा अर्ज नाही. असणार कसा? भाषण तयार आहे. शेवटी आवाज किती चढवायचा याची बायकोसमोर प्रॅक्टिस केली. तिला झोप लागली, म्हणजे आवाज कानाला गोड आहे.

१२ डिसेंबर
सगळं नीट क्रमाने लिहितो. इतिहासासाठी.

हॉल गच्च भरला. जिन्यावर माणसं. कार्यकारिणीचे झाडून सगळे हजर, वकील बायकोसकट. मला भरून आलं. मी उठून म्हटलं, गणपूर्ती झाली आहे. तेव्हा मागून चार जण खुर्ची उचलून आत घेऊन आले, आणि खुर्चीत मास्तर.

ग्रंथपालबाईंनी अध्यक्षपदासाठी मास्तरांचं नाव सुचवलं. टाळ्या थांबेनात. मी पॉइंट ऑफ ऑर्डर घेतला. म्हटलं, मास्तरांबद्दल मला नितांत आदर आहे, पण पाच मेच्या ठरावानुसार ते हयात नाहीत. सभासद यादीत नाव नाही. आधी त्यांना हयात करणारा ठराव आणावा लागेल, आणि तो आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

मुद्दा बिनतोड होता. मग कुणीतरी हसलं, आणि अख्खा हॉल हसायला लागला. डॉक्टर रुमालाने डोळे पुसत होते. मी उत्तराची वाट बघत उभाच. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, बस रे खाली, पाय दुखतील. वर्गात म्हणायचे तसंच.

मी बसलो. का बसलो कळलं नाही. अध्यक्षाने बसायचं नसतं.

हात वर करून मतदान. मास्तरांसाठी सगळा हॉल. माझ्यासाठी कोण, असं विचारलं तेव्हा कुणी हललं नाही. मी मान खाली घातली. मग बाजूला कुजबुज झाली म्हणून बघितलं, तर बायकांच्या रांगेत एकच हात वर. माझ्या बायकोचा. ताठ. सगळे तिच्याकडे वळून बघत होते, तरी खाली केला नाही. वकिलाच्या बायकोने तिचा पदर ओढला, तरी नाही.

खुर्ची गेली तर गेली. गावाने माझ्याऐवजी मयत माणूस निवडला, त्याचं गावाला लखलाभ. एवढ्या वर्षांच्या संसारात मला जे कळलं नव्हतं, ते त्या एका हाताने कळलं. घरी येईपर्यंत बोलवेना मला. ती पण काही बोलली नाही. आमच्यात आता शब्दांची गरज उरलेली नाही.

१३ डिसेंबर
संकल्प: उरलेलं आयुष्य बायकोसाठी. आजपासून दुपारी तिच्याजवळच बसणार. ती जे वाचत असेल ते मोठ्याने वाचून दाखवणार, अडेल तिथे अर्थ सांगणार. सुरुवात केली. ती म्हणाली, डोकं दुखतंय. मी कपाळ चेपून दिलं, तासभर, ती नको म्हणत असताना. किती संकोची आहे.

१५ डिसेंबर
ती आंघोळीला गेली तेवढ्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे-बरण्या खाली काढून उंचीनुसार लावले. बाहेर आल्यावर बघत उभी राहिली. मग डब्यांसमोर खालीच बसली. आनंद सगळ्यांना लगेच सहन होत नाही.

१६ डिसेंबर, दुपार
जेवून जरा पडलो होतो. पाणी प्यायला उठलो. बायको आतल्या खोलीत दार लोटून फोनवर बोलत होती. कान लावला नाही. ऐकू आलं.

डॉक्टरांशी बोलत होती. म्हणत होती, मागे तुमच्या हातापाया पडून त्यांना तिथे बसवलं, तर वर्षभर दुपारी जिवंत होते हो मी. पुस्तक घेऊन पडायचे, घर शांत असायचं. परवा सगळ्या गावासमोर एकटीने हात वर केला, अजून काय करायचं मी? कुठलीही समिती बघा. स्मशान सुधारणा म्हणालात ना, ती चालेल. लांब आहे म्हणता, मग तर बरंच. पण संध्याकाळची नको. दुपारची बघा.

मग रडली. मोठ्याने नाही.

मी पाणी न पिताच स्वयंपाकघरात गेलो. डबे खाली काढले आणि पहिल्यासारखे लावायला घेतले. कुठला कुठे होता ते आठवेना. एवढी वर्षं मी तिथे उभा राहून सूचना देत होतो. तिला विचारायला गेलो नाही. हातात चहाचा डबा घेऊन तसाच उभा राहिलो.