अर्पिताच्या रक्तातला चौदाचा आकडा

मु. तांडा, ता. दिग्रस

मानाचे इवाई फुलचंदजी यायले भावसिंगचा वाकून राम राम. तुमचा गुडघा कसा आहे? इहीणबाईचा खोकला थांबला काय? इकडं आम्ही खुशाल आहो. म्हणजे घरात तिघं, अन् तिघंही एकमेकायशी बोलत नाही, म्हणून भांडण नाही.

तुमची अंजू लेकराले घेऊन माहेरी आली त्याले सव्वा महिना झाला. तिनं काय सांगतलं असन ते मले माहीत आहे. आपल्या नातीच्या, अर्पिताच्या अंगात जन्मापासून एक अमिनो आम्ल मोडत नाही. डाळ, दूध, अंडं पोटात गेलं का ते रक्तात साचते अन् डोक्याच्या वाढीवर येते. म्हणून दर महिन्याले रक्त काढून नागपूरले मोजतेत. आकडा सहाच्या खाली पाहिजे. तीन वर्ष अंजूनं घास घास काट्यावर तोलून चारला, आकडा पाचाच्या वर गेला नाही. अन् दिवाळीनंतर एकदम चौदा! अंजूचा संशय सासूवर. हंसाबाई म्हणे, ‘मी चोरून चारीन काय माह्या लेकराले?’ आमचा पोरगा ओम मधात पडला, त्याले दोघीयनं झापलं. अन् अंजूनं पिशवी भरली.

मी म्हटलं, मशीनच बिघडली. (घरात भांडण असलं का मशीनवर ढकलावं, ती उलटून बोलत नाही.) येष्टीनं नागपूर गाठलं अन् तपासणीवाल्या बबिता मॅडमले म्हटलं, ‘माहं रक्त घाला मशीनमंदी. माहाही चौदा निंगाला तर मशीन खोटी.’ ती हासली, पण डॉक्टरले विचारून घेतलं. (सुई पाहून मी आडवा झालतो, हे अंजूले सांगू नका.) माहा आकडा निंगाला एक. मशीन खरी.

मंग तिनं विचारलं, ‘आजोबा, तुम्ही काय देता पोरीले?’ मी छाती काढून सांगतलं, ‘डाळीचा दाणा देत नाही. दिवाळीपासून वावरातून आलो का मूठभर फुटाणे, बस.’

बाई हळूच म्हणे, ‘फुटाणे कायचे असतेत?’

फुलचंदजी, तीस वर्ष हरभरा पेरून राह्यलो, अन् हे मले नागपुरात समजलं! येष्टीत रडू आवरलं नाही. बाजूच्या बाईनं पाणी देल्लं.

पण काल अंजूचा ओमले फोन आला, आकडा पाचावर आला म्हणे. लवकर ध्यानात आलं म्हणून निभावलं. पोरगी आता वीसपर्यंत मोजते, असंही समजलं. सगळ्यायले नमस्कार, अर्पिताले पापा.

तुमचा,
भावसिंग

ता. क. नागपूरची गोष्ट मी घरी सांगतलीच नाही. हंसाबाई फुकट बोल खाऊन राह्यली. तवा सासूचा दोष नाही हे अंजूले तुम्हीच सांगा, अन् तिले लेकरासकट पाठवा. मले तिच्यासमोर तोंड उघडाची हिंमत नाही.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवाच्या आधीच हंसाबाईनं हे वाचलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणे, ‘इवायावर कायले ढकलता? सोताच्या तोंडानं सांगा. मीबी येते.’ तवा आम्ही दोघं रविवारी येऊन राह्यलो. माह्यासाठी वरण टाकू नका. अर्पिता जेवते तेच वाढजा, तेवढंच तोलून.