डबल बेसचा खराडीतला मुक्काम

कर्वेनगर, पुणे
९ फेब्रुवारी २००६

ती. वेणूताईस,

धाकट्या सुदर्शनचा वाकून नमस्कार. मी ठीक आहे, अकोल्याचं तुमचं कसं काय? रावसाहेबांचा गुडघा आता जिना चढू देतो का? (देत नसेल तर चढू नका म्हणावं. वर गच्चीत तुझ्या वाळवणाशिवाय आहे काय?) पत्र बघून घाबरू नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'जेवलास का' विचारतेस आणि माझा मुद्दा राहून जातो.

मुद्दा असा, की माझा डबल बेस गेले सतरा दिवस खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अडकून पडला आहे. तुझ्या लेकीच्या, नम्रताच्याच कंपनीत. आणि येत्या एकोणीस तारखेला कॅम्पात आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे, ज्यात डबल बेसला चक्क दीड मिनिट एकट्याने वाजवायचं आहे. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. एरवी आम्ही मागे उभे राहून बाकीच्यांना जमीन पुरवतो, चालायचं काम त्यांचं.

तुला हे वाद्य कधी आवडलं नाही हे मला ठाऊक आहे. मी ते पहिल्यांदा अकोल्याला आणलं तेव्हा नाना म्हणाले होते, व्हायोलिन शिकायला गेलास आणि कपाट घेऊन आलास. (कपाटात निदान कपडे राहतात, हे तुझं वाक्य. विसरलो नाही.) पण दिवसभर पिंपरीच्या कारखान्यात स्टोअरचा हिशेब ठेवून संध्याकाळी कॅम्पातल्या हॉटेलात जॅझ वाजवायला उभा राहिलो, की मला माणसात आल्यासारखं वाटायचं. वाद्य शमशुद्दीनभाईंनी दिलं. त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं आणि हे धूड तिथे कोण सोडून गेलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट शिकवली. म्हणाले, हे वाजत असताना कुणाला ऐकू येणार नाही, बंद पडलं की सगळे मान वर करतील, तेव्हा कौतुकाची वाट बघू नकोस. मी बघितली नाही असं म्हणणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

मग एक्क्याण्णव साल आलं. देशात बाहेरून जे जे आलं त्यात एक कीबोर्डही आला आणि त्यावर 'बेस' नावाचं बटण होतं. ते बटण म्हणजे मी. हॉटेलवाल्यांनी वर्षभरात आम्हाला हात जोडले. तेव्हा मी वाद्यवृंदात गेलो, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात, जिथे सगळं कागदावर लिहिलेलं असतं आणि माझ्या कागदावर बहुतेक ठिकाणी 'गप्प राहा' असं लिहिलेलं असतं. शंभर-शंभर आवर्तनं मोजत उभं राहायचं आणि मग दोन सूर. पहिल्याच कार्यक्रमात मोजता मोजता माझा पाय जॅझच्या ठेक्यावर हलायला लागला, पायामागून बोटं गेली, आणि एका अत्यंत दुःखी रचनेत मी चार सूर असे टाकले की पुढच्या रांगेतली एक बाई डोलायला लागली. संचालकांनी नंतर फक्त एवढंच विचारलं, आपण इकडे कायमचे आला आहात की चक्कर टाकायला?

खरं सांगू? मलाही ते कधी ठरवता आलं नाही. जॅझवाले मला कागदवाला म्हणायचे, कागदवाले हॉटेलवाला. पण एकीकडे सुचेल ते बोलायला शिकलो, दुसरीकडे बोलायची वेळ येईपर्यंत थांबायला. घरात या दोन्ही गोष्टी मला कुठे जमल्या? अठ्ठ्याण्णवला कारखान्यात कॉम्प्युटर आले, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर मी स्वेच्छेने सही केली (स्वेच्छा साहेबांची, सही माझी), आणि गंमत बघ, त्याच कॉम्प्युटरवाल्यांच्या खराडीत आता परदेशी पाहुण्यांच्या जेवणाला जॅझ लागतो.

तर तेवीस जानेवारीला नम्रताने मला तिथे बोलावलं. रिक्षावाल्याने वाद्याकडे बघून, दोघांतलं एकच कुणीतरी बसेल, असं सांगितलं. शेवटी टेम्पो केला. कंपनीच्या फाटकावर कोंडीराम नावाचा पहारेकरी आहे. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा तो गेटपास करतो. त्यात दोन रकाने असतात, 'परत न्यायचे' आणि 'परत न्यायचे नाही'. या बाबाने खूण दुसऱ्या रकान्यात केली. जेवणं झाली, टाळ्या झाल्या, मी निघालो तर वाद्य बाहेर सोडेना. कागदावर आहे ते आहे. आता ते त्यांच्या स्वागतकक्षात कुंड्यांच्या मध्ये उभं आहे, आणि खाली पितळी पाटी लावली आहे म्हणे : 'सप्रेम भेट, श्री. सुदर्शन (निवृत्त)'. एका पहारेकऱ्याच्या चुकीने माणूस निवृत्त होतो, बोल.

असो. चि. नम्रताला माझे आशीर्वाद कळव, हवं तर. आंब्याचं लोणचं संपलं आहे, पण त्यासाठी हे पत्र नाही.

तुझा,
सुदर्शन

ता. क. नम्रताला तूच फोन कर आणि वाद्य सोडवून द्यायला सांग. तिचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. तिने साहेबांना मोठ्या अभिमानाने सांगून ठेवलं आहे की मामाने भेट दिली.

ता. क. दुसरा. कोंडीरामला बोल लावू नकोस. त्याने खूण बरोबर रकान्यात केली होती. त्या दिवशी माझं डाव्या हाताचं तिसरं बोट दाबलंच जाईना. दोन वर्षं कुरकुरत होतं, त्या दिवशी संपावर गेलं. मी सूर चुकवले, एक-दोन नाही, भरपूर, आणि कुणालाही कळलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याचा इतका राग आला की फाटकावर वही मागून घेतली, त्याची खूण खोडली आणि दुसऱ्या रकान्यात सही केली. तो दोनदा म्हणाला, काका, नक्की ना? चोवीस वर्षं मी स्वतः गेटपास लिहिले, ताई. मला काय कळत नव्हतं?

ता. क. तिसरा आणि शेवटचा. एकोणीस तारखेला मी वाजवत नाही. बोटाचं कारण सांगून डिसेंबरातच नाव काढून घेतलं, ते दीड मिनिट आता चेलोवाले अनंतराव वाजवणार आहेत. तेव्हा घाई अशी काही नाही. पण नम्रता विचारेल, मग मामाला ते आता कशाला हवंय? सकाळी तारा पुसायला फडकं घेऊन उठतो आणि परत बसतो. मला ते घरात हवं आहे, एवढंच तिला सांग.