हिरवी पायरी

विसरभोळ्या अल्विझे,

म्हातारीचा वाढदिवस विसरलास ते चालेल, पण पाण्याकडच्या दाराची किल्ली भाड्यानं उतरणाऱ्या पाहुण्यांना द्यायची नाही, हे कसं विसरलास?

आज ओहोटीला हिरव्या पायऱ्या उघड्या पडल्या. पाहुणीला फोटो हवा होता. मी बजावलं, "पोरी, त्या शेवाळावर व्हेनिसची मांजरंही पाय ठेवत नाहीत." ती हसली. "तुमच्या नातवानंच किल्ली दिलीय, आजी."

हे लिहून घेणारी शेजारची ओरियाना आत्ताच खाली पाहून आली. वरच्या पायरीवर चपला आहेत, पाहुणी नाही. पाहुणीचा नवरा हाका मारतोय, होड्या शोधतायत.

हे पत्र टपालात टाकायचा धीर होत नाही. तरी पोहोचलंच, तर मक्याचं पीठ पाठव, भरपूर. होडीवाल्यांना किती दिवस गरम जेवण घालावं लागेल, सांगता येत नाही.

तुझी आजी,
झानेता